लगेच काढलेला हार

४ जुलै, शुक्र.
आज चाळीस लेई ओवले. हार्बरफ्रंटच्या कुठल्याशा ऑफिसची पार्टी, सगळ्यांना हवाई बेटांच्या पद्धतीने गळ्यात लेई, म्हणजे फुलांचे हार हवेत. जांभळी ऑर्किड, एका लेईला पन्नासेक. सुई वीतभर लांब, फुलाच्या बरोबर मधोमध गेली पाहिजे. अंगठ्यात दोनदा गेली. तरी कॉलेजातल्या दोन वर्षांपेक्षा दुकानातले हे सात महिने बरे. पप्पांना असं सांगितलं तर... नको.

आंटी नोए (दुकान त्यांचं. माहेर होनोलुलू, नवरा इथला) म्हणाल्या, तू दोरा फार ओढतोस, कोणाशी तरी भांडत ओवतोस. ओवणाऱ्याच्या मनातलं फुलांत उतरतं म्हणे. म्हटलं, ऑफिसवाल्यांना काय कळतंय. "त्यांना नको कळू दे. ज्याला कळावं असं तुला वाटतं, त्याला कळेल."

कोणाला ते त्यांना माहीत नाही. प्राचीलाही नाही.

९ जुलै
प्रा.चं (प्राचीचं) ग्रॅज्युएशन १९ला. फिजिओथेरपी. एकाच शाळेतले आम्ही. ती डिग्री घेणार आणि नोव्हेनाच्या हॉस्पिटलात जॉइन होणार. मी NS (सक्तीची लष्करी सेवा) करून कॉलेजला गेलो आणि एका ट्यूटरशी भांडून बाहेर पडलो. असो.

गिऱ्हाईक नव्हतं. आंटींना लेईबद्दल विचारलं तर थांबेचनात. पूर्वी नुसती फुलं नसत. पिसं, शिंपले, आणि सरदारांच्या गळ्यात देवमाशाचा दात, माणसाच्या केसांच्या वेण्यांत अडकवलेला. पदवी मिळाली की तिकडे मुलाचं नाक दिसेनासं होईपर्यंत लेई घालतात. मी लगेच कान टवकारले. नियम: लेईला नको म्हणायचं नाही. देणाऱ्यासमोर गळ्यातून काढायचा नाही, तो अपमान. कचऱ्यात टाकायचा नाही. दोरा सोडवून फुलं मातीला द्यायची.

"आणि लेई घालताना गालावर घेतात तो पापा?"
"ती रीत नवीच, युद्धाच्या काळातली. तू सुरुवात तिथून करू नकोस."

म्हणजे माहीत आहे त्यांना.

१८ जुलै
पांढरी ऑर्किड. एकही फूल चेपलं नाही. आंटी बघून गेल्या.

१९ जुलै, शनि.
हॉलबाहेर गर्दी. प्रा. गाऊनमध्ये. तिचे बाबा फोन धरून, आई पर्स सांभाळत. मी सरळ पुढे गेलो आणि तिच्या गळ्यात लेई घातला. ती लाल झाली, हसली. चार सेकंद. मग दोन्ही हातांनी टोपीवरून काढून आईकडे दिला.

आईकडे. माझ्यासमोर.

माझं डोकं गेलं. "डिग्री मिळाली ना, आता माझी फुलं टोचणारच. कॉलेज सोडलेल्याच्या हातची." तिचे बाबा म्हणाले, अरे हळू. प्रा. एवढंच म्हणाली, "तू जा आत्ता. प्लीज."

गेलो. MRTत उतरायचं स्टेशन मागे गेलं तेही कळलं नाही.

२० जुलै
आंटींना सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्यात कोणी हार घातला तर काय करतात?

काय करतात? मंडळाच्या कार्यक्रमात पाहुण्याला हार घालतात, टाळ्या थांबायच्या आत तो काढून टेबलावर ठेवतो. घालून बसलेला माणूस मिजासखोर दिसतो. पप्पा तर गळ्यात पडायच्या आधीच हातात घेतात. मीही शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा तेच केलं होतं.

आंटी हसून हसून स्टुलावर बसल्या. "मग माझ्या गावचे नियम तिला कोणी सांगितले?"

कोणीच नाही.

घरी आईला सांगितलं तर तिचं वेगळंच. "चारचौघांत मुलीच्या गळ्यात हार घालतात का रे? तिच्या आईला वरमालाच वाटली असेल." ते माझ्या डोक्यात नव्हतं. (होतं. थोडं.)

२३ जुलै
मेसेज तीनदा लिहून पुसला. शेवटी: "चूक माझी. बोललो ते चुकीचं." दोन निळ्या टिक, बस्स.

२६ जुलै, शनि.
सेरंगूनला गेलो, तिच्या घरी. न विचारता, पुन्हा. दार बाबांनी उघडलं. "या, हारवाले." काका-काकूंची माफी मागितली. काकूंनी सरबत दिलं, म्हणजे एवढं बिघडलेलं नसावं.

प्रा. मला घेऊन खाली आली. बिल्डिंगखालच्या बाकावर.

"काढला कारण घरी सगळे काढतात. हात आपोआप गेला. अपमान काय त्यात?"
सांगितलं, आंटींच्या गावी असतो.
"मला काय माहीत lah. आणि तुझ्या कॉलेजबद्दल मी कधी बोलले? दर वेळी तूच काढतोस."

खरं आहे.

"आईने तो बुद्धांसमोर ठेवला. पाच दिवस टिकला. तुझ्यापेक्षा शांत होता."

मग पायाने फरशी घासत, "त्या दिवशी तुला नक्की काय सांगायचं होतं?"
"हारातून सांगितलं तेच."
"मग तोंडाने सांगायचं ना."

सांगितलं. दोन वाक्यं. ती म्हणाली, "बरं. ऐकलं," आणि उठून लिफ्टचं बटण दाबलं. नाही म्हणाली नाही. हो पण...

३० जुलै
आज ओवताना दोरा तुटला नाही, फूल चेपलं नाही. आंटी: "भांडण मिटलं?" म्हटलं, निम्मं.

२ ऑगस्ट, शनि.
अकराला दुकानात प्रा. सांगून आली नव्हती. "शिकव."

आंटींना अचानक मागे काम निघालं.

सात फुलं मोडली तिने. सुई मात्र माझ्यापेक्षा सरळ धरते, हाडांची सवय असेल. मधेच म्हणाली, पुढे वाकून बसतोस, पन्नाशीत मान जाईल. नियम सगळे विचारून घेतले, एकेक. स्वतःसाठी ओवलेला दुसऱ्याला चालतो का? म्हटलं, ज्याच्यासाठी ओवला त्यालाच द्यायचा. मान हलवली, पुढचं फूल घेतलं. कॉलेजचा विषय मी काढला नाही. तिने काढला: "परत जाणारेस का?" माहीत नाही म्हटलं. "बरं." चिडायला काहीच मिळालं नाही.

दीड तासाने गाठ मारली. लांबी बघायला माझ्या खांद्यांवर धरला, घातला नाही. "मान सरळ." मग डब्यात ठेवला.

"कोणासाठी?"
"बघू."

दारातून वळून विचारलं, फ्रिजमध्ये किती दिवस राहतो? म्हटलं, पाणी शिंपडून ठेवला तर आठवडा.

"बास झाला," म्हणाली आणि गेली.

आज शनिवार आहे. म्हणजे पुढच्या शनिवारच्या आत कधीतरी.