परीक्षा चालू असताना छतावर ऑर्वल

एल्म फोर्क, मिनेसोटा
फेब्रुवारी, गुरुवार (ऊन पडलंय, पण नुसतं दिसायला)

आदरणीय आर्डिस आत्या,

ऑर्वल सुखरूप आहे. पत्राची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं, पण तुम्ही त्याला आईच्या मायेने वाढवलंत, तेव्हा आधी हे वाचा आणि मग पुढचं सावकाश. आता रीतसर विचारते: तुमचा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाचं ऊन मानवतंय ना? संत्र्यांची पेटी पोचली, वरची चार वाटेत गोठून दगड झाली होती, बाकीची गोड निघाली. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. 'बरे' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. पाद्रीबाईंचा तुम्हाला फोन येईल, किंवा आलाही असेल. त्या सांगतील की मी परीक्षा देत बसले आणि नवऱ्याला छतावर गोठायला ठेवलं. त्यात तथ्य नाही असं नाही. पण क्रम वेगळा आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की टॉलेफसन साहेब येत्या उन्हाळ्यात काम सोडणार. आमच्या गावात परवाना असलेले हिशेबनीस ते एकटेच. मी त्यांच्याच हाताखाली काम करते, म्हणून त्यांच्या जागी मी बसावं अशी त्यांची इच्छा, आणि तसं झालं नाही तर कचेरी मिनीआपोलिसच्या कुणा माणसाला जाणार, जो म्हणे इथला दरवाजाच बंद करणार आहे. म्हणजे म्हाताऱ्या लोकांनी आपली खोकीभर कागदपत्रं टपालाने पाठवायची आणि फोनवर यंत्राशी बोलायचं. आता माझी पदवी चर्चमधल्या ऑर्गनवादनाची. परवान्याच्या परीक्षेला नुसतं बसायचं म्हटलं तरी पदवीनंतरचे हिशेबाचे विषय पास झालेले लागतात. म्हणून मी तो ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. शिवणाच्या खोलीत, मशीन बाजूला सारून, संगणकापुढे बसले. शेवटचा पेपर लेखापरीक्षणाचा. हा गेला तर पुढची खेप थेट पुढच्या हिवाळ्यात, तोवर कचेरीला कुलूप. त्यामुळे त्या सकाळी ऑर्वलने केलेला नाश्ता मी कुत्र्याला घातला. (कुत्र्यानेही अर्धाच खाल्ला, पण तो वेगळा विषय.)

घरी बसून परीक्षा म्हणजे सोपं असेल असं तुम्हाला वाटत असेल. छे! एक मुलगी कॅमेऱ्यातून पूर्णवेळ तुमच्याकडे पाहत असते. हिचं नाव डेल्फीन. आवाज गोड, पण स्वभावाने तुरुंगाधिकारी. टेबलाखाली दाखवा, बाह्या वर करा, केस मागे घेऊन कान दाखवा. तुम्ही भरतकाम करून दिलेली ती नॉर्वेजियन प्रार्थना भिंतीवर आहे ना, तिच्याबद्दल विचारलं, "मॅडम, ही सूत्रं कसली?" मी सांगितलं, जेवणाआधी म्हणायची आहे. तिला वाचता येईना, विश्वासही बसेना. शेवटी प्रार्थना भिंतीकडे तोंड करून ठेवली. (माफ करा. आता सुलट केली आहे.) मग नियम सांगितले: नजर पडद्यावरून हलवायची नाही, बोलायचं नाही, खोलीत दुसरं माणूस नको, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेलात तर पेपर तिथेच संपला.

सुरुवात चांगली झाली. बाहेर वारा सुटला होता, रात्रभर पडलेला बर्फ उडत होता. अर्धा पेपर होत आला आणि डोक्यावर धप्प झालं. मग पावलं. मग ठोके. मी वर पाहिलं.

"मॅडम, नजर पडद्यावर."

"वर कुणीतरी आहे."

"परीक्षेच्या खोलीत दुसरी व्यक्ती चालत नाही, मॅडम."

"खोलीत नाही गं बाई, खोलीच्या वर आहे. छतावर. माझा नवरा असणार."

ती म्हणाली, "ते ठोके देतायत. ठोक्यांनी पर्याय सांगितल्याचे प्रकार आमच्याकडे झालेले आहेत."

आत्या, ज्या माणसाला स्वतःच्या बुटांचं माप दुकानात गेल्यावर मला विचारावं लागतं, तो मला लेखापरीक्षण सांगणार! पण खरं सांगते, तेवढ्यात वरून तीन ठोके आले. मी दुसऱ्या पर्यायावर खूण केली होती, आणि देवाशपथ, एक क्षण मी तिसऱ्याकडे पाहिलं.

डेल्फीन म्हणाली, वरिष्ठांना विचारून सांगते. तोवर मी पुढचा प्रश्न उघडला. एका कंपनीची सगळी दैना दिली होती आणि विचारलं होतं, येत्या वर्षभरात ही तग धरेल की नाही याबद्दल गंभीर शंका आहे का? मी वाचत असतानाच खिडकीबाहेरून शिडी खाली गेली. उभीच्या उभी सरकत, सावकाश, आणि बर्फात आडवी पडली. वरून पुन्हा ठोके. मग एकच ठोका. मग काही नाही.

ठोके चालू होते तोवर मला त्याचा राग येत होता. ते थांबले तसा रागही गेला. बाहेर उणे वीस. हा माणूस हातमोजे घालायला विसरतो. मी 'गंभीर शंका आहे' यावर खूण केली आणि उठले. (आधी खूण, मग उठणं. याबद्दल तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. मी स्वतःला बोलून घेतलंच आहे.) मागून डेल्फीन ओरडत होती, "मॅडम, चौकटीबाहेर जाऊ नका! मॅडम!" आणि मी घरातल्या सपाता घालून अंगणात.

"ऑर्वल!" उत्तर नाही. "ऑर्वल!" घराला वळसा घालून मागे गेले तेव्हा दिसला. इंटरनेटच्या तबकडीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेला. मिशा पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, हात उघडे.

"झाला पेपर?" त्याने विचारलं.

"नाही!"

"मग बाहेर काय करतेस? जा आत! मी धरलंय."

तर झालं होतं असं. तबकडीवर बर्फ साचून भर पेपरात जोडणी तुटेल म्हणून हा झाडायला चढला. झाडताना खिळा तुटला, वाऱ्याने तबकडी फिरायला लागली, म्हणून हा तिला धरून बसला. आणि पायाने ठोकत होता ते मला विचारायला, की येतंय का नीट.

"मग ठोकायचा थांबलास का?"

"हललो की हे फिरतं."

"खाली ये."

"पेपर होऊ दे."

"ऑर्वल, खाली ये नाहीतर मी वर येते. मग तुझ्या आत्याला सांगायला कुणी उरणार नाही."

यावर तो उतरला. (तुमच्या नावाचा धाक अजून आहे.) शिडी पुन्हा लावून मी धरली होती, आणि प्रत्येक पायरीला त्याचा पाय चुकत होता. त्याने सोडल्याबरोबर तबकडी गर्रकन उत्तरेकडे वळली. आत आलो तेव्हा पडदा काळा. डेल्फीन गेली, पेपर गेला. मी त्याचे हात कोमट पाण्यात धरून बसले. मग तो म्हणाला, "लव्होन, मी घाण केली ना?" मला एकदम रडूच आलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. चौकशी समिती बसणार असं कळवण्यात आलं. टॉलेफसन साहेब रोज माझ्या टेबलाशी यायचे, हवेबद्दल काहीतरी बोलायचे आणि न विचारताच परत जायचे. मला मात्र ऐकू यायचं ते न विचारलेलं. शेवटी चौकशीचा निकाल माझ्या बाजूने लागला तो डेल्फीनमुळे. दार उघडं राहिलं होतं, त्यामुळे जोडणी तुटेपर्यंतचा आमचा सगळा आरडाओरडा तिने ऐकला होता. तिने अहवालात लिहिलं की परीक्षार्थीने कुठलीही मदत घेतली नाही, आणि परीक्षार्थीचे पती तशी मदत करू शकतील असं वाटत नाही. समितीने पुन्हा बसू दिलं, या वेळी गावच्या वाचनालयात. ऑर्वलला मी चर्चमध्ये खुर्च्या मांडायला पाठवलं. पास झाले, आत्या. काठावर नाही, चांगली पास झाले. साहेबांनी ऐकलं आणि 'आज वारा कमी आहे' एवढंच म्हणून आत जाऊन नाक शिंकरलं.

ऑर्वलच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र दुखावली आहेत. डॉक्टर म्हणाले वाचतील, पण टोकांना जाणीव यायला वेळ लागेल. शर्टाची बटणं त्याला लावता येत नाहीत. रोज सकाळी मी लावते. तो छताकडे बघत उभा राहतो. मला वाटतं आम्हा दोघांनाही ते आवडायला लागलंय.

तुमच्या शेजाऱ्यांना आमचा नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची सून,
लव्होन

ता. क. - खरं म्हणजे पत्र लिहायचं कारण हे. आता परवान्याची मुख्य परीक्षा मार्चपासून, केंद्रावर जाऊन द्यायची. ऑर्वल म्हणतो, तो बरोबर येणार आणि गाडी चालू ठेवून दाराशी बसणार, काही लागलं तर. तेव्हा तुम्ही त्याला त्या दिवसांत तिकडे बोलावून घ्या. नळ गळतोय असं सांगा. मी सांगितलं असं सांगू नका.

ता. क. दुसरा - पाकीट बंद करणार होते, पण मनात आलं की तो तिकडे गेला तर इथे छतावर, तळघरात, कुठेच काही आवाज येणार नाही, आणि तसल्या घरात माझं एक पान वाचून व्हायचं नाही. तेव्हा त्याला बोलावू नका. तुम्हीच इकडे या आणि त्याला खुर्चीत बसवून ठेवा. मार्चमध्ये इथे थंडी अजिबात नसते. (ही थाप आहे. दोन कोट आणा.)