ताणावर सोडलेली बाग

अण्णा, सकाळी धाकट्याचा फोन येऊन गेला आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. चहा दोनदा गरम केला, दोनदा तसाच गार झाला. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याने तेलगावच्या रस्त्याकडच्या त्याच रानात पुन्हा मोसंबी लावली, ती आता फळाला आली आहे. धरणात या वर्षी पाणी बेताचं आहे, आणि तो मला विचारतो, "ताई, बाग ताणावर सोडू का न्हाई? तू परदेशात माती शिकून आलीस, तूच सांग." मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. खरं तर त्याला तुम्हाला विचारायचं होतं, तुम्ही नाही म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

लहानपणी मला तुमचा तो ताण मुळीच आवडायचा नाही. चांगल्या हिरव्यागार झाडांचं पाणी हिवाळ्यात तोडायचं, पानं पिवळी पडून गळेपर्यंत बघत राहायचं, आणि मग कालव्याची पाळी आली की पाणी सोडायचं. पुढे झाड फुलांनी लगडायचं, हे खरंच. पण मधले ते दिवस मी बागेत जायचे नाही. तुम्ही म्हणायचात, झाडाला सारखं पाणी दिलं तर ते नुसतं पाल्यावर जातं, त्याला जिवाची धास्ती बसली की फळ धरतं. आमच्याशीही तुमचं वागणं तसंच असायचं. कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, पण शाबासकी म्हणून कधी तोंडातून निघाली नाही. आई म्हणायची, त्यांच्या मनात आहे गं. मनात असून माझ्या काय कामाचं?

तुम्हाला फ्रान्समधला तो दिवस सांगायचा राहून गेला. राहून गेला कसला, तुम्ही तेव्हा नव्हतातच. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी मी तिकडे शिकायला गेले, आणि एका शनिवारी आमच्या वर्गाला बसमध्ये घालून खेड्यातल्या वायनरीत नेलं. वायनरी म्हणजे द्राक्षांच्या दारूचा कारखाना. आईला कळवलं तेव्हा तिने गावात सांगितलं, पोरगी द्राक्षबाग बघायला गेली होती. आवारात पाऊल टाकलं आणि मी थबकले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या, वजनकाट्यापाशी कोण पुढे घुसलं यावरून दोन म्हातारे वाद घालतायत, आणि हवेत आंबूस गोड वास. आपल्या साखर कारखान्याचं आवारच मला तिथे भेटलं. ती वायनरीही त्या गावाचीच होती, सभासदांची, सहकारी. बाकीची पोरं फोटो काढत होती आणि मला उगीच भरून येत होतं.

एक म्हातारा सभासद आम्हाला मळा दाखवत होता. वेली बुटक्या, खोडं पिळवटलेली, जमिनीत नुसते दगड. आमच्या बाई त्याचं बोलणं इंग्रजीत सांगत होत्या. मी विचारलं, पाणी कधी देता? तो म्हणाला, देतच नाही. आमच्याकडे तसा नियमच आहे. वेल तहानलेली राहिली पाहिजे, तरच मुळं खोल जातात आणि द्राक्षाला चव येते. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं मात्र डोकं तडकलं. मी म्हटलं, आणि पाऊस पडलाच नाही तर? माझा आवाज इतका चढला की बाईंनी ते भाषांतर करताना सौम्य केलं असणार. म्हातारा म्हणाला, मग काही वेली जातात. त्याने खांदे उडवले आणि तो पुढे निघाला.

मी तिथेच उभी राहिले. मला दुसरीच बाग दिसत होती. त्या दुष्काळाच्या वर्षी तुम्ही आपल्या कालव्याच्या पाणी सोसायटीचे चेअरमन होतात. पाळी नक्की येणार, असं तुम्ही सभेत सांगितलंत, म्हणून सगळ्या सभासदांनी नेहमीसारख्या बागा ताणावर सोडल्या. नंतर धरणातलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवलं आणि कालव्याला पाणी आलंच नाही. मामाने साखर कारखान्यातून फक्त आपल्या बागेपुरता टँकर जमवला होता. तुम्ही तो फाटकातूनच परत पाठवलात. "मी सांगितलं म्हून लोकायनं ताण दिला. आता माज्याच बागंत टँकर कावून उबा करू?" मामा टँकरमागोमाग निघून गेला. उन्हाळाभर तुम्ही रोज बागेत जाऊन येत होतात, हात मागे बांधून. बारावीचा निकाल घेऊन मी रानात पळत आले, त्या दिवशी तुम्ही वाळलेली झाडं तोडून घेत होतात. मी तालुक्यात पहिली आले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, म्हणालात, "बरं. सावलीत थांब, बाई." आणि पुन्हा कुऱ्हाडवाल्यांकडे वळलात. सावली कुठे होती, अण्णा? एकाही झाडाला पान नव्हतं. मी रागाने पाय आपटत घरी आले. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात, आणि माझ्याकडे तेवढंच राहिलं.

मळ्यातून सगळे चव घ्यायला आत गेले. माझ्याही हातात पेला दिला. तुमच्या गळ्यातली तुळशीची माळ आठवली आणि मी तो तसाच टेबलावर ठेवून बाहेर आले. पिशवीत पाण्याची बाटली होती. मी काय करते आहे हे कळायच्या आत पहिल्या ओळीतल्या वेलीच्या बुंध्याशी ती रिकामी करायला लागले. म्हातारा दारात उभा होता. आता ओरडणार, असं वाटलं. तो जवळ आला, ओल्या दगडांकडे बघत राहिला, आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "हिची मुळं फार खाली आहेत. एवढं पाणी पोचत नाही." मी बाटली सरळ केली. त्याने मान हलवली. "नाही, नाही. ओत."

मी सगळं ओतलं. बसमध्ये मैत्रिणींनी विचारलं, वाइन कशी होती, तर मी म्हटलं, छान होती.

तुमचं ते "बरं" मी किती तऱ्हांनी उलगडून पाहिलं असेल. कधी वाटतं, त्यात सगळं होतं. कधी वाटतं, तुम्हाला नीट ऐकूच आलं नसेल, कुऱ्हाडी चालू होत्या. कधी वाटतं, ज्या माणसाला त्या उजाड रानात सावली आठवते, त्याच्यावर मी कसली रागावते. पण मग दुसऱ्या दिवशी पुन्हा रागावते. इतक्या वर्षांत यातलं काहीच एकदाचं ठरत नाही.

धाकट्याला आता फोन करते. सांगते, या वर्षी बहार नको, ताण नको, जे पाणी आहे ते झाडांना दे. तो म्हणेल, अण्णा असते तर म्हणाले असते की झाडं पाल्यावर जातील. जाऊ देत.

हा कागद कुठे पाठवायचा, ते काही मला माहीत नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवते आहे, आई जपायचे कागद तिथेच ठेवायची. एवढं भांडून शेवटी सांगायचं एकच होतं. मला तुमच्याकडून आणखी एक शब्द हवा होता, अण्णा. तो पोचला नसता, तरी हवा होता.