एंगेलबर्टने दिलेले यकृत

३ नोव्हेंबर, शिकाऱ्यांच्या संत ह्युबर्टचा सण
यकृत टाकून द्यावे लागले! एंगेलबर्टने सकाळी स्वतः आणून दिले होते. मारलेल्या हरणाचे यकृत हा शिकाऱ्याचा हक्क. तो आपला हक्क दर सणाला माझ्या ताटात वाढतो. माझी स्वयंपाकीण रोसविता, तिने सुरी लावली आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "फादर, ही कलेजी नव्हे, धर्मशाळा आहे! सगळ्या खोल्या भरलेल्या!"
पित्तनलिका पांढुरक्या, टणक. आत भोपळ्याच्या बियांएवढे चपटे कृमी. मांसाला धोका नाही, यकृत तेवढे टाकावे — हे मला एंगेलबर्टनेच शिकवले.
"चेष्टा केली असेल तुमची," रोसविता म्हणाली. मला तसे वाटत नाही.

४ नोव्हेंबर
प्रार्थनेत चित्त नव्हते. गावातल्या प्रत्येक नव्या शिकाऱ्याला ज्याने यकृत चिरून तपासायला शिकवले, त्याच्या नजरेतून हे सुटले? की त्याला दिसतच नाही? — आणि बंदूक अजून त्याच्याच खांद्यावर.

५ नोव्हेंबर
त्याच्याकडे गेलो. "कसले कृमी? कलेजी चिरून पाहिली होती की मी! स्वच्छ होती!" बोलता बोलता माझ्यासाठी दारू ओतली — निम्मी पेल्याबाहेर. टेबलावरून ओघळली तरी त्याला पत्ता नाही.
"बंदूक ठेव, एंगेलबर्ट."
"त्यापेक्षा माझा अंत्यविधीच उरका ना, फादर!"
मला दार दाखवले. इतक्या वर्षांत प्रथमच.

८ नोव्हेंबर
एंगेलबर्ट चर्चमध्ये मिस्साला आला नाही.

१० नोव्हेंबर
प्रभो, तुझे उपकार! तो आपण होऊन नेत्रवैद्याकडे गेला. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे. भरून येणार नाही. "समोर धुकं असायचं, फादर. मला वाटायचं, दरीतलंच आहे."
पवित्र शास्त्रातल्या त्या आंधळ्या वृद्धाला माशाच्या पित्ताने दृष्टी लाभली. माझ्या मित्राला हरणाच्या यकृताने आपले अंधत्व उमगले. सरपटणारे जीवही निर्माण करून देवाने 'चांगले आहे' म्हटले, हे आयुष्यभर वाचत आलो. पटले मात्र आज. त्या कृमींसाठीही आभार मानले. रोसविता हसली — हसो बापडी!

११ नोव्हेंबर
एंगेलबर्टने बंदूक शिकारी मंडळाच्या हवाली केली. परतताना माझ्याकडे थांबला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला.
"लाजेनं बोललो नव्हतो, फादर. सणाच्या आदल्या आठवड्यात, पहाटे, ओढ्याकाठच्या झुडपात काहीतरी तपकिरी हललं. खोकलं. फुप्फुसात जंत झाले की हरणं तशीच खोकतात. म्हटलं, सोडवू बिचारीला. बोट चापावर होतं. आणि तेवढ्यात ते लॅटिनमध्ये स्तोत्र म्हणायला लागलं."
ओढ्याकाठी पहाटे स्तोत्रे म्हणत फिरणारा या गावात मी एकटाच.