भाऊजीच्या फियाटचा काटा

अकोला, गुरुवार, दुसरा चहा झाल्यावर

ती. सौ. आशाबाईले,

धाकट्या गोपालचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? रागिणी आणि तिची लेक बरी असीनच. नातीचं नाक आपल्या घरावर गेलं असं ऐकलं, आता देवाच्या हाती. इकडे सारे खुशाल आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं पाहशील तर आठ दिवसांपासून ना तुझ्या नवऱ्याचा पाय घरात ठरून राहिला, ना माझा. (एवढं लिहीपर्यंत मी तीनदा उठलो. एकदा तर काहून उठलो तेच आठवलं नाही.) फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोन लावला की भाऊजी बाजूले कान देऊन बसतात. म्हणून पत्र. शेजारचा पियुष नोकरीसाठी रोज अमरावतीले जाणंयेणं करते, त्याच्या हाती देतो.

कारण एकच, काटा. भाऊजीच्या जुन्या फियाटमधला तो गोल मीटर, इंजिन मिनिटाले किती फेरे घेते ते दाखवणारा. गाडीसोबत आलेला नव्हे, भाऊजीनं नागपूरच्या जुन्या बाजारातून हौसेनं आणून बसवलेला. त्याच्यापायी वीस वर्षांपूर्वी बडनेऱ्याच्या रस्त्यावर काय झालं ते तुले मी काय सांगू! भाऊजी ट्रकशी शर्यत लावून राहिले, रस्ता सोडून नजर काट्यावर, लाल पट्टीले टेकते का म्हणून, अन् तू बडनेऱ्याले उतरून रेल्वेनं एकटी घरी आली. पुढच्याच आठवड्यात काटा बंद पडला. भाऊजी म्हणाले, बस आता गाडीत. तू म्हणाली, काटा चालू होईन त्या दिवशी बसीन. या उलट्या अटीचा अर्थ तेव्हा कोणालेच लागला नाही. भाऊजीही अकडले. अट घालून कोणी गाडीत बसत असते काय? झालं! वीस वर्षं एकाच लग्नाले तू एसटीनं अन् भाऊजी फियाटनं. पण तू रागिणीच्या बाळंतपणाले गेली अन् तीन महिन्यांत माणसाची सारी अकड उतरली. मागच्या बुधवारी पोळीचा (स्वतः लाटलेली, तिले चार कोपरे होते) घास तोंडातच ठेवून म्हणाले, "गोपाल, येता रविवार नाही, त्याच्या पुढच्या रविवारच्या आधी काटा चालू पाह्यजे. बारसं झालं की तिले फियाटमधूनच घरी आनतो."

आता मी कोण? बार्शीटाकळीच्या शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळल्या, तेवढ्यावर भाऊजी मले शास्त्रज्ञ समजतात. मी आपला धर्मपाल मिस्त्रीले बोलावलं. त्याचं काम शिस्तीचं. बल्ब लावून पाहिला, मीटरले करंट येते. बॉडीले जोडलेली वायर पॉलिश पेपरनं घासली, तीही ठीक. मंग मीटर काढून स्वतःच्या पेट्रोल जीपले जोडला, अन् काटा हलला! भाऊजीनं टाळी वाजवली अन् लगेच तोंड उतरलं, कारण जीप चांगली घुरघुरून राहिली होती अन् काटा दाखवत होता निम्मंच. भाऊजी म्हणाले, मीटरले लकवा मारला. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी धर्मपालनं मीटरच्या पाठीवरचं बटन दाखवलं, चार, सहा, आठ सिलिंडरचं. आपल्या गाडीचं इंजिन चार सिलिंडरचं, अन् बटन पहिल्यापासून आठवर. म्हणजे बाई, त्या दिवशी बडनेऱ्याच्या रस्त्यावर काटा अर्धंच सांगत होता! लाल पट्टी येणारच नव्हती, त्याच्या आधी इंजिन फुटलं असतं.  हे ऐकून भाऊजी उठून अंगण झाडायले लागले. (झाडलेलंच होतं.)

मीटर निर्दोष निघाला, म्हणजे दोष तिसऱ्या वायरचा, इंजिनच्या कॉइलपासून काट्यापर्यंत खबर नेणारीचा. धर्मपाल म्हणाला, उद्या शोधतो. पण उद्यापर्यंत बसवते कोणाले? मी घराच्या बेलची वायर काढली अन् तीच कॉइलपासून मीटरले जोडून दिली. काटा असा उठला म्हणून सांगू! आम्ही लगेच गाडी काढली अन् ऐन चौकात, गचका बसताच, गाडी ठप्प. वायर हलवली, चालू. पुन्हा गचका, पुन्हा ठप्प. मी अन् तीन भाजीवाले धक्का मारून राहिलो, अन् भाऊजी खिडकीतून मुंडकं काढून विचारतात, हालला का? म्हटलं गाडी हालली! तर म्हणतात, काट्याचं विचारतो. धर्मपाल धावत आला अन् मलेच झापलं. उघडं टोक बॉडीले टेकलं की कॉइलची ठिणगी मरते अन् इंजिन बंद पडते. म्हणजे माझ्या जोडणीत एक तर काटा चालते, नाहीतर गाडी. (घराची बेल तेव्हापासून बंद आहे. लोक आता कडी वाजवतात अन् भाऊजी दर वेळी तू आली म्हणून उठतात.)

शेवटी धर्मपालनं जुनी वायर शोधली. डाव्या सिटापुढं, पाय ठेवायच्या चटईखाली, तुटलेली. उंदरानं कुरतडली, असं मी सांगितलं. भाऊजीनं डिक्कीत पिंजरा लावला, आत गरम भजं. कालपासून तीन भजे वाया गेले. पण वायर जोडली अन् काल बाळापूरपर्यंत जाऊन आलो. काटा एकदाही पडला नाही. अन् बाई, मी पाहत होतो, भाऊजीनं सारा वेळ नजर रस्त्यावर ठेवली. दर दोन मिनिटांनी मलेच विचारत, हालते ना रे?

तर रविवारी सकाळी दहापर्यंत पोचतो. नातीले माझा पापा, अन् तुले पुन्हा एकदा नमस्कार.

तुझा,
गोपाल

ता. क. उंदीर नव्हता, बाई. उंदीर कात्रीनं सरळ कापत नाही. अन् कापलेल्या दोन्ही टोकांवर चिंधी गुंडाळून हिरव्या दोऱ्यानं काजाचे टाके तर मुळीच घालत नाही. (ते घातले म्हणून बरं, नाहीतर गाडी तेव्हाच ठप्प झाली असती.) सारी गल्ली तुझ्याकडून काजं करून घेत होती, मले तुझा टाका ओळखू येत नाही काय? आधी काट्याचा गळा कापला अन् मंग तो चालू व्हायची अट घातली! धन्य आहे तुझी. चिंध्या माझ्या सदऱ्याच्या खिशात आहेत, भाऊजीले माहीत नाही, होणारही नाही. तू फक्त रविवारी काटा पाहून दचकल्यासारखं कर अन् बस गाडीत. नाही बसली अन् हा माणूस एकटाच परत निघाला, तर मले ते पाहवणार नाही. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. दुसरं. अक्षर बदललं ते माझं हाये. रागिणीच्या माय, गोपाल डिंक शोधाले उठला अन् कागद इथंच सोडून गेला. वाचला. मी आजवर समजत होतो, तुले काटा पाह्यजे. तुले तो नको होता. तोंडानं सांगतलं असतं तर मी ऐकलं नसतं, हेही खरंच हाये. आता जाऊन वायर कापून आलो. काटा शून्यावर हाये, गाडी चालू हाये, पिंजरा काढला. पाकीट मीच बंद करून पियुषले देतो, गोपालले सांगू नको, लय राबला बिचारा. खुंटीवरच्या त्याच्या सदऱ्यातल्या चिंध्या काढून टोकाले गुंडाळल्या, पण टाके मले येत नाहीत. सुई अन् हिरवा दोरा घेऊन समोरच्या सिटावर बसजो.