ओट्यावरचा दिवा किती खाली

प्रिय वहिनी,

उद्या सकाळी छताचा गिलावा आहे. नव्या स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्यावर कोणता दिवा टांगायचा आणि तो किती खाली सोडायचा, हे त्याआधी वायरमनला सांगायचंय. आयुष्यभर पेपरच्या कचेरीत मजकूर वेळेवर दिला, पण ही एवढीशी गोष्ट आठ दिवस अडून बसली आहे. तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. तरी हा प्रश्न तुम्हालाच विचारावासा वाटला, म्हणून हे पत्र.

निवृत्त झालो आणि भिसेगावातच, जुन्या घराला लागून घर बांधायला काढलं. ओटा मात्र तुमच्यासारखाच हवा, हा तुमच्या नणंदेचा, शालनचा हट्ट. मधोमध, गुडघाभर उंच, वर कडाप्पा, आणि चारी बाजूंनी बायकांना पाट टाकून बसता येईल असा. गवंडी हसला. म्हणाला, "आत्या, वटा भिंतीला असतो. मधी वटा म्हंजे देऊळ बांधताय काय?" शालन म्हणाली, "तू बांध रं. देव आमी आणू."

कर्जतच्या बाजारात जाऊन टांगते दिवे पाहिले. वेताच्या टोपल्या, रंगीत प्लॅस्टिकची फुलं, काचेचे गोळे. दुकानदाराने विचारलं, "शोभेला हवाय की कामाला?" मला उभ्या उभ्या तुमचा दिवा आठवला.

आठवतं, वहिनी? घरात वीज आली तेव्हा मी लोहार चाळीतून दुधी काचेची हंडी आणली होती. मुंबईपासून मांडीवरून उतरवली नव्हती! तुमचं ते स्वयंपाकघर बिनखिडकीचं, भर दुपारी अंधारं. तिथे चांदणं पडेल असं मला वाटलं होतं. मी स्वतः स्टुलावर चढून ती आढ्याला टांगली. तुम्ही दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणालात, "अगो बाय, केवढा उजेड!"

पुढच्या शनिवारी आलो, तर हंडी पडवीत! ओट्यावर दिव्याला पत्र्याची टोपी, बाहेरून हिरवी, आतून पांढरी, दादाने भातगिरणीतून मागून आणलेली. तीही इतकी खाली की ओट्याशी बसायला वाकताच माझं कपाळ तिच्यावर आपटलं. तुम्ही हसलात. "पेपरात नाव येतं नि भावजींचं डोकं मोठं झालं गं!"

मीही हसलो. पण मनातून खट्टू झालो. हंडी का काढली, असं विचारलं तर म्हणालात, "पडवीत पावण्यांना दिसते. तुमचीच शोभा नाय का?" हे काय उत्तर झालं? एरवी तुम्ही कसं तोंडावर सांगायचात. भात कच्चा राहिला तर कच्चा, माझा लेख कंटाळवाणा तर कंटाळवाणा. मग याच एका गोष्टीत आडपडदा का?

काल दुपारी टेप घेऊन जुन्या घरात गेलो. टोपी अजून तिथेच आहे. ओट्यापासून तिची कड जेमतेम दीड हात. दिवा लावला आणि पाटावर बसलो. कडाप्प्यावर लखलखीत गोल उजेड, आणि त्यापलीकडे काहीच नाही! इतका खाली का सोडला असेल? वीज वाचवायला? पण बल्ब तर तोच. मुंग्या दिसाव्यात म्हणून? की लाटलेला पापड किती पातळ झाला ते कळावं म्हणून?

शालन चहा घेऊन आली आणि समोर बसली. तिचे हात उजेडात आले. चेहरा वर अंधारात राहिला.

"काय मोजतोस रं भाऊ?"

"वहिनीने माझी हंडी का काढली, ते शोधतोय."

"तुला ठाव नाय?" ती म्हणाली, "माझ्यापायी काढली."

खालापूरच्या नवऱ्याने दुसरी केली आणि आपली शालन, घरात वीज आली त्याच उन्हाळ्यात, माहेरी परत आली, हे मला माहीत होतं. ती कोठीच्या खोलीत बसून राहते, कुणासमोर येत नाही, हेही. पण हंडी काढलेली दिसली त्याच शनिवारी ती बायकांबरोबर पोह्यांचे पापड लाटताना दिसली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. चला, सावरली! मधल्या दिवसांत काय झालं ते मी विचारलंच नाही.

काल तिने सांगितलं. "तुझ्या हंडीखाली वयनीनं मला पयल्यांदा बसवली. बाया लाटणी थांबवून माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या. मी रडले का, सुकले का, सगळं दिसत व्हतं ना. मी उठून गेले. वयनी कोणाला काय बोलली नाय. दुसऱ्या दिशी टोपी लावली नि मला म्हणाली, 'आता ये. तुझं तोंड कोणाला दिसायचं नाय, निस्ते हात दिसतील. हातांना काय झालंय तुझ्या?'"

मग तिथेच ती हळूहळू बोलायला लागली म्हणे. आणि ती बोलली म्हणून बाकीच्याही.

वहिनी, मला का नाही सांगितलंत? माझं मन दुखू नये म्हणून? मी जगाच्या घडामोडी लिहीत होतो, आणि माझ्या घरात माझ्याच दिव्याने माझ्या बहिणीला उठवून लावलं होतं!

मी लगेच ठरवून टाकलं. म्हटलं, "शालन, नव्या घरातही हीच टोपी, एवढीच खाली."

"नको," ती म्हणाली. "वर लाव. चांगला मोठा उजेड पाड. वयनीसंगं इतकी वर्सं इथं बसले, पर लाटताना ती कशी दिसायची ते मला ठाव नाय. निस्ते हात आठवतात. आता मला तोंडं बघायचीत."

तेव्हा वायरमनला उत्तर मिळालं. दिवा उंच, काचेचा, कोपऱ्यापर्यंत उजेड जाईल असा.

आणि एक शब्द तुम्हाला देतो. खालापूरला काय झालं, हे मी शालनला आजवर एकदाही विचारलं नाही. दिवा लागेल त्या दिवशी ओट्याशी तिच्या समोर पाट टाकून बसेन, तिच्या तोंडाकडे बघून विचारीन, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठणार नाही.

तुमचा धाकटा दीर,
वसंता