कमरेएवढा दोरा

सौ. राणीसरकारांना त्यांच्या शिंप्याचा दुरूनच मुजरा.

वजन कमी करायचं ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांचे टाके माझ्यापेक्षा सुबक आहेत. एकच जरा ओला आहे, म्हणून आणखी आठ दिवस ठेवून घेतलंय. काळजीचं काही नाही म्हणतात.

अर्धी वाटी सूप संपवायला मला अर्धा तास लागतो. तू हसशील. आईला सांगू नकोस, ती रडेल. तिचे गुडघे कसे आहेत?

मला मिठी मारताना हात मागे जुळत नाहीत म्हणून आपली चिमी रुसते ना? सोबत माझ्या आजच्या कमरेएवढा दोरा पाठवतोय. गादीची तेवढ्या मापाची गुंडाळी कर आणि तिला मिठी मारायला सांग. बोटांमध्ये किती अंतर राहतं, ते टेपने मोजून कळव.

तेवढं मी कमी करतो.

तुझाच