दहा ते तीनचं ऊन

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, पण गेल्या आठवड्यात देवबागला जाऊन आल्यापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. घरोघर पाहुण्यांच्या खोल्या झाल्यात, छपरांवर सोलरची पॅनेलं. एकाने मला विचारलं, "ह्येच्यार दोन एसी चलतले मा?" मी म्हटलं, "दहा ते तीनचं ऊन धर, बाकीचं सोड." रिटायर इंजिनिअर बोलतोय म्हणून त्याने मान डोलावली. अगो, तो हिशेब तुझा!

रत्नागिरीतून फुटून आपला जिल्हा नुकता वेगळा झाला होता, माझी नोकरीही नवी. गावच्या दवाखान्यासाठी एक पॅनेल आलं आणि बसवायला मलाच धाडलं. काय माझा तोरा! पस्तीस वॅट गुणिले दिवसाचे बारा तास, असा शाळकरी गुणाकार करून देवळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, चार दिवे आणि वर एक पंखा. अंगणात कमरेएवढ्या स्टँडवर पॅनेल चढवलं. चौथ्या दिवशी नर्सबाईंचा निरोप, दिवे जेवणवेळेआधीच विझतात. दुपारी धावत येऊन बघतो तर काय, त्या तापल्या काळ्या काचेवर जाळ्याचा तुकडा पसरून तू कोळंबी, आपली सुंगटं, वाळत घातलेली! मासळी विकणाऱ्या बाईला एवढी गरम, स्वच्छ, मांजरांपासून उंच जागा दुसरी कुठे मिळणार? पण मी चार माणसांत खेकसलो, "अक्कल आसा काय तुका?" आईला म्हणालो मी असं.

तू सुंगटं पाटीत भरलीस. घरी भाकरी वाढताना म्हणालीस, "माज्या सुंगटांनी दिवो गेलो, कबूल. पण ती काढलंय तरी तुजे चार दिवे पेटूचे नाय. दिवसभर उजेड आसता रे, पण सुंगटां सुकतत ती दहा ते तीन. मगे नुसतो उजेड. आणि तुज्या पुस्तकात ढग नाय काय?" मी दोन दिवस मीटर धरून बसलो. अगदी तस्संच! शिवाय बॅटरीत मुरतं ते वेगळं. हाती उरला एक दिवा, रात्रभराचा. नर्सबाई म्हणाल्या, "एकच द्या, पण बाळंतीण अडलेली असताना जाऊ देऊ नका." तो गेला नाही, आये. त्याच्या उजेडात गावची किती पोरं जन्मली. पुढे आंबोलीच्या धुक्यात काय, कसालला काय, पॅनेल बसवण्याआधी मी वाळवण घालणाऱ्या बायकांना गाठायचो, ऊन कामाचं किती वेळ ते विचारायचो. माझा अंदाज फसला नाही. साहेब विचारत, कुठे शिकलास? तुझ्या पोटी जन्मलो याचा मला केवढा अभिमान आहे, हे तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही.

आणखी एक बोललो नाही. चाराचा एक दिवा का झाला ते सांगायला गावापुढे उभा राहिलो, तेव्हा गुणाकार चुकला म्हणायला जीभ रेटेना. नोकरीचं काय होईल, ही भीती. तेवढ्यात मागून तूच ओरडलीस, "माज्या सुंगटांनी मशीन बिघाडला, म्हणान एकच दिवो!" सगळे हसले, बायकांनी तुला नाही नाही ते ऐकवलं. मी गप्प राहिलो. गेल्या आठवड्यात त्या एसीवाल्याने तीच गोष्ट मला रंगवून सांगितली, सुंगटांनी गावची वीज घालवणाऱ्या म्हातारीची. तू कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि आये, मी त्याच्याबरोबर हसलो.